अंगठा बाहेर

"अंगठा बाहेर काढा!"

मी इतक्या जोरात किंचाळले, की माझी मीच दचकले. आमच्या जुन्या मोटारींच्या संग्रहालयात शनिवारी सकाळी गाड्या सुरू करून बघायचा नेम. मी फडकं आणायला वळले काय, आणि इस्त्रीच्या शर्टातला एक उंच प्राणी सगळ्यात जुन्या पेट्रोल गाडीचं नाकापुढचं, इंजिन सुरू करायचं हँडल मुठीत आवळून फिरवायला लागला!

त्याने घाबरून हात मागे घेतला. त्याच क्षणी इंजिन खोकलं आणि हँडल फाडकन उलटं फिरलं.

"हे... हे असं लाथ मारतं?" त्याचा चेहरा पांढराफटक.

"अंगठा मुठीत असता तर मोडलाच असता. तो बोटांच्याच बाजूला ठेवायचा असतो. ते बघा, माझे बाबा."

दारात बसून नट पुसणाऱ्या बाबांनी वाकडं मनगट हसत वर केलं. "ह्याच गाडीचा प्रसाद!"

"हात दाखवून अवलक्षण," तो पुटपुटला. मला हसू फुटलं. तोही हसला – छान हसायचा मेला! आणि मग त्याने आपण कोण ते सांगितलं, नि माझ्या तोंडचं पाणीच पळालं.

हाच तो विजेच्या मोटारींच्या कंपनीचा इंजिनिअर! आमच्या कोपऱ्यात शंभर वर्षांहून जुनी, बॅटरीवर चालणारी एक गाडी होती. तिने आवाराची एक फेरी पूर्ण केली तर ती इथे राहणार; नाहीतर ह्याच्या कंपनीच्या शोरूममध्ये शोभेला जाणार, असं विश्वस्तांनी ठरवलेलं. बाबांनी आणि मी तीन वर्षं तिच्यासाठी जिवाचं रान केलं होतं. आणि निकाल देणार होता हा.

"अशा गाड्या होत्या हे वाचलंय मी," तो म्हणाला. "पण ही आज चालेल?"

"हँडल मारून मनगट मोडायची हौस नसलेल्या बायका हिच्यातूनच फिरायच्या. पुढे बटणावर सुरू होणारी पेट्रोल गाडी आली, आणि हिला कुणी विचारेना. बसा."

तो बसला आणि गडबडलाच. ह्या गाडीत चालवणारी मागच्या सीटवर. पाहुणा पुढे, पण तोंड तिच्याकडे! गुडघ्याला गुडघा लागेल इतकं जवळ. स्टिअरिंगच्या जागी नुसता एक दांडा. मी गाडी सोडली. ना आवाज, ना धूर.

"सुरू कधी करणार?"

"मागे बघा. केव्हाच निघालोय!"

त्याने जो आ वासला, तो पहिलं वळण संपेपर्यंत मिटला नाही.

"रस्त्याकडे पाठ आहे तुमची. भीती नाही वाटत?" मी चिडवलं.

"रस्ता दिसतोय की. वळण आलं की तुमची डावी भुवई वर जाते. खड्डा आला की ओठ दाबता..." तो जरा थांबला. "ह्या महिन्यात तीनदा आलो मी. तिकीट काढून."

"ही गाडी बघायला?"

"पहिल्यांदा गाडी बघायला. पुढच्या दोन्ही वेळा... तुम्ही कुठल्यातरी गाडीखाली गुणगुणत होतात. आज म्हटलं, एक गाडी सुरू करून दाखवू, म्हणजे तरी बाहेर याल."

ऐकता ऐकता माझा पाय ब्रेकवरच पडला. गाडी थांबली. फेरी संपायला दहा पावलं बाकी! लांबून बाबा ताडकन उठले.

"बंद पडली?" त्याचा चेहरा उतरला. अगदी मनापासून.

"नाही हो! मी थांबवली!"

"का?"

"असं काहीतरी बोलता... माणसाने करायचं काय!"

"हे अहवालात लिहावं लागेल," तो गंभीरपणे म्हणाला. "दोष गाडीत नाही. तपासणाऱ्यात आहे."

मी पुन्हा गाडी सोडली. ती म्हातारी झोकात गेली. दहाच्या दहा पावलं. बाबांनी टाळ्या पिटल्या. त्याने कागदावर लिहिलं – गाडी चालते, इथेच राहावी – आणि सही ठोकली.

"तुमचे साहेब ओरडतील," मी म्हटलं.

"ओरडू देत."

मला उतरवायला त्याने हात पुढे केला. मी माझा दिला. त्याने तो धरला, पण चारच बोटांनी. अंगठा शिस्तीत बाजूला.

मी त्याच्याकडे पाहिलं. मला तो आवडला होता. एका सकाळीत! मलाच पटेना.

"अंगठा मिटलात तरी चालेल," मी म्हटलं. "मी लाथ नाही मारत."