लुटुपुटूचा फोन

सांगलीच्या ‘हाक’ मदतवाहिनीत त्या सकाळी नुसती लगीनघाई होती. स्वरकाटा आला होता! बोलणाऱ्याच्या आवाजातली, कानाला न कळणारी थरथर मोजणारं यंत्र. सोंग असेल तर हिरवा दिवा, खरं दुःख असेल तर लाल. हेमांगीताई लहान मुलीसारख्या हरखल्या होत्या. जन्मभर फोनवर माणसं सावरणाऱ्या बाईंना जादाचा कान मिळणार, हे काय थोडं झालं?

चाचणीसाठी लुटुपुटूचा फोन करायचं ठरलं. नव्यांना शिकवताना इथे असा फोन नेहमीच व्हायचा आणि खचलेल्या माणसाचं सोंग दर वेळी यशोधन वठवायचा. नाट्यस्पर्धेत बक्षिसं मिळवलेला, चहाच्या वेळी सगळ्यांना हसवणारा गडी. तो शेजारच्या खोलीत गेला आणि घंटी वाजली. हेमांगीताईंनी फोन उचलला आणि सगळ्यांना ऐकू येईल असा आवाज मोठा केला.

“ताई, कशातच राम उरला नाही आता,” तो म्हणाला. “सगळ्यांना माझं ओझंच झालंय.”

“काय काम करतो बेटा!” कोणीतरी कुजबुजलं. दिवा मात्र लाल झाला.

यंत्र बनवणाऱ्या शाल्मली फडणीस पार ओशाळल्या. “सोंगाला लाल? बिघडलं वाटतं. थांबा, बंद करून परत लावते.”

हेमांगीताईंनी त्यांचा हात धरला. नव्यांकडून त्या एक नियम घोकून घेत: शंका आली की आडून नाही, सरळ विचारायचं. विचारल्याने तसला विचार डोक्यात शिरत नाही, उलट माणसाला बोलायला वाट मिळते.

“यशोधन, नाटक पुरे. तुला, तुला स्वतःला, जीव द्यावासा वाटतो का?”

खोलीतलं हसू विरलं.

“हो,” तो म्हणाला. “दर वेळी माझंच बोलत होतो, ताई. तुम्ही टाळ्या वाजवायचात.”

“बरं केलंस सांगितलंस. फोन ठेवू नकोस, मी आलेच.”

ताई फोन कानाला धरूनच धावल्या. त्याच्याशेजारी बसून त्यांनी त्याचा हात घट्ट धरला. “आजच डॉक्टरांकडे जाऊ, दोघं. घरचं कोणाला बोलावू?”

“अक्काला,” तो म्हणाला आणि हमसून रडला. ताईंना रडू आणि आनंद एकदमच आवरेना. पोरगा हाती लागला होता!

“बरोबर होतं! यंत्र बरोबर होतं!” शाल्मली दारात नाचायच्याच बाकी होत्या.

यशोधनने डोळे पुसून वर पाहिलं.

“ताई, तो दिवा लागला नसता, तर विचारलं असतंत मला?”