डावीकडे दीड इंच

एसटीच्या पार्सलनं सांगलीला पाठवलेला माझाच गठ्ठा घेऊन एक अनोळखी तरुण साताऱ्यातल्या आमच्या कॉम्प्युटर सेंटरच्या दारात उभा होता. मी तिथं टायपिंग करायचे, शिकवायचेही. म्हणाला, मी कपिल, बाइंडर.

"बांधला नाहीत?" मी घाबरून विचारलं.

"बांधला असता, मॅडम... पण हरेक ओळीचं पहिलं अक्षर शिलाईत गेलं असतं."

तो माझा एम. फिल.चा प्रबंध होता. कोरेगावच्या विहारात बायका म्हणतात ती गाणी मी तीन वर्षं गोळा केली होती. परवा शेवटची तारीख. ती चुकली की वर्ष वाया, आणि जूनपासून ठरलेली कॉलेजातली नोकरीही गेली. दिवसभर लोकांना पानाचा समास सोडायला शिकवणारी मी, आणि स्वतःच्या प्रबंधाला डावीकडे अर्जासारखा एक इंच ठेवून मोकळी!

पेज सेटअप उघडून डावीकडे दीड इंच केलं. मजकूर खाली घसरत गेला. एकशे चाळीस पानांची एकशे बावन्न झाली आणि अनुक्रमणिकेतला जवळजवळ प्रत्येक आकडा चुकला. मला रडूच आलं.

त्यानं स्टूल ओढलं. पडद्यावर बघून तो नवे आकडे सांगू लागला, मी टाईप करू लागले. मध्येच थांबून म्हणाला, "हे कडवं लय ग्वाड हाय."

"आकडा सांगा," मी म्हटलं. सांगितला, पण हसत... आणि माझा कान तापला.

संध्याकाळच्या गाडीनं तो नव्यानं छापलेला गठ्ठा घेऊन गेला. तिसऱ्या दिवशी कोल्हापूरला, विद्यापीठात, लाल कापडी पाठीच्या चार प्रती घेऊन माझ्या आधीच हजर. कारकुनानं पानं चाळली, शिक्का मारला. मी बाहेर येऊन पायरीवर मटकन बसले. इतकं हलकं कधी वाटलंच नव्हतं.

तो शेजारी बसला. मी विचारलं, समास चुकला एवढंच सांगायला साताऱ्यापर्यंत कशाला आलात? सेंटरवर फोन करायचा की.

"समास फोनवर सांगता आला असता," तो अंगठ्यावरची वाळलेली खळ खरवडत म्हणाला. "पण रातभर वाचत बसलो... लिवणारीला बघावं वाटलं."

"मग? बघितलं?"

"व्हय. आता रोज बघावं वाटतंय."

मी उठून उभी राहिले.

"मग रविवारी कोरेगावला, घरी या. आईला विचारा. आणि फोन करत बसू नका... आमच्याकडं फोन नाही."