दोर आतून कोणी ओढला?

आधीच सांगते, यात मीठमसाला नाही. पटत नसेल त्याने माझ्या मामाचं डावं मनगट बघून यावं. मग खुशाल दात काढावेत.

आणि हे रात्रीबित्री घडलेलं नाही. भर दुपारी घडलंय. होड्या दुरुस्त करायच्या शेडमध्ये, पत्र्याच्या भोकांतून उन्हाचे कवडसे पडलेले असताना.

मामा वेल्डर. सगळे त्याला ‘ठिणगी’ म्हणतात. नुकतीच मोठ्या गोदीची परीक्षा पास झाला होता. तिथे हात जरा थरथरला की माणूस बाद. मामाचा हात दगडासारखा स्थिर. पुढच्या आठवड्यात रुजू व्हायचं होतं. घरात पहिल्यांदाच कुणाला एवढी मोठी नोकरी लागली होती!

मधल्या रिकाम्या दिवसांत आजोबांनी त्याला कामाला जुंपलं.

एका संग्रहालयाने एक जुनी होडी शेडमध्ये आणून टाकली होती. शिवलेली होडी. हो, शिवलेली! वेल्डिंगच्या आधी रिव्हेट होते, रिव्हेटच्या आधी खिळे, लाकडी खुंट्या. पण कित्येक ठिकाणी फळ्यांना भोकं पाडून त्या काथ्याच्या दोराने चक्क शिवत. गोधडी शिवावी तशा. अख्ख्या होडीत लोखंडाचा एक तुकडा नाही.

“बाबा, हिच्यात बसून लोक समुद्रात जायचे? चड्डीची शिवणसुद्धा याहून पक्की असते,” मामा म्हणाला.

“तुझ्या चड्डीचं मला सांगू नकोस,” आजोबा म्हणाले. “लक्ष दे. एक माणूस आत, एक बाहेर. बाहेरचा भोकातून दोर आत देतो. आतला सांध्यावर काथ्या दाबून भरतो, त्याच्यावरून दोर ओढतो आणि पुढच्या भोकातून परत देतो. दर टाक्याला विचारायचं, ‘कोण?’ आतल्याने नाव सांगायचं. मगच दोर द्यायचा.”

“आत दादाच असणार ना! दुसरं कोण?”

आजोबा हसले नाहीत.

दादा म्हणजे माझा मोठा मामा. तो आत उतरला. होडीला वरून डेक होता, म्हणून आतला माणूस बाहेरून दिसायचा नाही. सकाळभर दोघांनी नियम पाळला. “कोण?” “तुझा बाप!” असा पाळला, पण पाळला.

जेवणानंतर आजोबा घरी गेले. शेजारी कुणीतरी ग्राइंडर सुरू केला. कानठळ्या बसायला लागल्या. पोलादी टाकीत काम करताना वेल्डर ठोक्यांनी बोलतात. मामाने दादाशी तेच ठरवलं. आतून दोन ठोके म्हणजे ‘दे’.

टक... टक.

मामाने दोर दिला. आतून ओढला गेला. पुढच्या भोकातून टोक बाहेर आलं.

टक... टक.

काम सपाट्याने चाललं. सकाळपेक्षा कितीतरी वेगाने. टाके असे घट्ट की फळ्या कुरकुरत होत्या.

“दादा, जेवण अंगी लागलंय हां आज!” मामा ओरडला.

ग्राइंडरमुळे ऐकू गेलं नसेल...

दोराचं टोक बाहेर आलं. ते ओलं होतं.

घामाने असेल, असं म्हणून मामाने दोर मनगटाला गुंडाळला आणि ओढून धरला.

तेवढ्यात ग्राइंडर बंद झाला.

“ठिणग्या! एकट्यानेच काय शिवतोयस?”

आवाज मागून आला. शेडच्या दारातून.

दादा उभा होता. काखेत काथ्याचा भारा.

“काथ्या संपला म्हणून गोदामात गेलो होतो. सांगून गेलो ना तुला ओरडून! तिथे किल्लीवाला जेवायला गेलेला...”

मामाने होडीकडे बघितलं.

आतून आवाज आला.

टक... टक.

आणि दोर ओढला गेला.

मामाचा हात फळीवर आपटला. मनगट भोकाला चिकटलं. दोर आवळत गेला... सावकाश. टाका घट्ट करावा तसा.

“काप! दादा, काप!”

दादाने कोयता घातला. दोर तुटला. उरलेलं टोक भोकातून सरसर आत गेलं. मामाने ते आत जाताना स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं.

दोघांनी टॉर्च घेऊन आत बघितलं. कुणी नव्हतं. टाके मात्र सुबक होते, एका रेषेत.

पण काथ्या तर संपला होता. मग सांध्यावर काय भरलं होतं?

केस. लांब, ओले केस.

आजोबांना बोलावलं. त्यांनी टाक्यांवरून हात फिरवला आणि एवढंच विचारलं, “नाव विचारलं होतंस?”

मामाने नकारार्थी मान हलवली.

“उसवू का?” दादा म्हणाला.

“हात लावू नकोस. जे काही आहे ते आत शिवलं गेलंय ना? राहू दे आतच.”

होडी तशीच संग्रहालयात गेली. मामाची तीन बोटं आजही मिटत नाहीत. गोदीतली नोकरी गेली. मनगटावरचा वळ अजून जांभळाच आहे.

खरं तर गोष्ट इथे संपायला हवी होती.

परवा आमच्या शाळेची सहल त्याच संग्रहालयात गेली. मी लग्गेच होडीचा फोटो काढला. घरी येऊन मामाला दाखवला, मोठ्या ऐटीत.

मामाने उजव्या हाताने फोटो मोठा केला. आणखी मोठा.

एका भोकातून दोराचं टोक बाहेर आलं होतं. कोयत्याने कापलेलं.

मामाने फोन उलटा ठेवला. मग हळूच म्हणाला, “येताना बाईंनी हजेरी घेतली? नावं घेऊन?”

“नाही रे मामा. घाई होती. बसमध्ये नुसती डोकी मोजली.”

“भरली?”

“हो. जितकी गेलो, तितकीच.”

हे बोलले आणि मला एकदम आठवलं.

माझी मैत्रीण परत येताना बसमध्ये नव्हतीच. तिचे बाबा तिला संग्रहालयातूनच घेऊन गेले होते. बाईंच्या ते लक्षातही नव्हतं.

मग डोकी भरली कशी...?