डबल बेल

“होय म्हाराजा तू म्हटलंस. भाईन नाय. मगे आता तूच निस्तर.”

हे रश्मी बोलली. माझी मोठी बहीण. काल संध्याकाळी, जेवताना.

मी म्हटलं, गंमत होती गो ती.

“राखणदाराक गंमत समाजता काय रे मेल्या?”

मी ताट सरकवलं आणि उठलो. मला राग पटकन येतो. पण बाहेर पडवीत येऊन बसल्यावर कळलं, राग तिच्यावर नव्हताच.

म्हणून हे लिहितोय. ह्या पेजवर मी नुसता वाचायचो, कमेंटमध्ये लोकांना खोटारडे म्हणायचो. आता तुम्ही मला म्हणा. पण हे घडलंय. ह्याच थंडीत. मालवण तालुक्यात, आमच्या गावात. गावाचं नाव टाकत नाही. ओळखणारे व्हाळाजवळच्या, म्हणजे ओढ्याजवळच्या, वळणावरून ओळखतील.

आमच्याकडे वस्तीची गाडी होती. एसटी. संध्याकाळी कुडाळहून यायची आणि रात्रभर देवळासमोर उभी राहायची. ड्रायव्हर-कंडक्टर देवळाच्या धर्मशाळेत झोपायचे. कोणाच्या ना कोणाच्या घरून त्यांना जेवण जायचं. पहाटे अंधारातच तीच गाडी परत कुडाळला.

रश्मी त्या गाडीने काजूच्या फॅक्टरीत जायची. पोरं कॉलेजला जायची.

आणि आमच्या वाडीतली सुभद्राआजी जायची. पिंगुळीला.

तिची मुलगी सरला पिंगुळीत, कुडाळाच्या बाजूलाच, अंथरुणाला खिळलेली. अर्धं अंग गेलेलं. नवरा गोव्यात कामाला, कधीतरी घरी येतो. आजी रोज पेजेचा डबा फडक्यात बांधून गाडी पकडायची, मुलीला भरवायची आणि दुपारी नाक्यापर्यंतच्या गाडीने येऊन पुढे चालत परत. वयामुळे तिला तिकीट नव्हतं. गाडीत चढताना ती पायरीला हात लावून कपाळाला लावायची. देवळात शिरतात तसं.

मी नववीत शाळा सोडली. का, ते विचारू नका. चुलतभावाने मॅजिक घेतली, वडापची छोटी गाडी. त्याला सगळे भाईच म्हणतात. त्याच्या गाडीवर मी माणसं भरतो. ‘चला नाका, नाका, नाका’ ओरडणारा जो असतो ना, तो मी.

मॅजिक यायच्या आदल्या दिवशी मी वस्तीच्या गाडीच्या मागच्या शिडीला लटकलो होतो. कंडक्टरने गाडी थांबवली. कान धरून खाली उतरवलं. वर सगळ्यांसमोर म्हणाला, शाळा सोडली आणि आता हे शिकतोय.

पोरी हसल्या. रश्मीने मान फिरवली.

तो कान अजून गरम होता, तेव्हाच नव्या गाडीची पूजा झाली.

वळणावर राखणदाराचा, म्हणजे गावाची वेस राखणाऱ्या देवाचा, दगड आहे. नवी गाडी घेतली की आधी तिथे नारळ. मग गाऱ्हाणं. आमच्यात एक जण गाऱ्हाणं सांगतो आणि बाकीचे मागून ‘होय म्हाराजा’ म्हणतात. मागून कोणी होय म्हटलं नाही तर ते गाऱ्हाणं लागू होत नाही.

त्या दिवशी आम्ही दोघंच होतो. भाई थोडी घेऊन आलेला.

“बा राखणदारा म्हाराजा, ती वस्तीची गाडी ह्या वाटेवरसून बंद कर, आणि तिची माणसा आमच्या गाडयेत घाल.”

मी म्हटलं, “होय म्हाराजा!” इतक्या जोरात, की झाडावरचे कावळे उडाले.

भाई हसला. मीपण हसलो. मग तो पुढे म्हणाला, “आणि बदल्यात तुका काय व्हया ता घे.”

“होय म्हाराजा!”

एवढंच.

मग आम्ही रोज एसटीच्या थोडं आधी निघायला लागलो. पहाटेच्या अंधारात पाच मिनिटं उभं राहायला कोणाला आवडतं? लोक बसले आमच्यात. एसटीत आजी आणि रश्मी, बाकी सीटा मोकळ्या. दिवाळीनंतर गाडी बंद झाली. प्रवासी नाहीत म्हणून.

रश्मीचं काम सुटलं. मॅजिक भरल्याशिवाय हलत नाही, आणि जाते ती नाक्यापर्यंतच. पुढे दुसरी गाडी बघा. रोज उशिरा येणाऱ्या पोरीला फॅक्टरीत कोण ठेवणार?

आजी मात्र स्टॉपवर यायचीच. सुरुवातीला भाई तिला फुकट न्यायचा. नाक्यावरून ती हात दाखवून कोणाच्या तरी गाडीत पुढे जायची. मग भाई कुरकुरायला लागला. धर्मार्थ गाडी घेतलंय काय मी, म्हणायचा.

त्या दिवशी गाडी भरली होती आणि दोन गिऱ्हाईकं उभी होती. भाईने आरशातून माझ्याकडे बघितलं.

मी म्हटलं, “आजये, उतर गो. मागसून ये.”

मागून काही येणार नव्हतं. तिला माहीत होतं, मलाही.

“बरा रे झिला,” ती म्हणाली. आमच्यात पोराला झील म्हणतात.

ती उतरेपर्यंत मला धीर नव्हता. डबा मीच खाली ठेवला. ठेवला कसला... आपटला. दगडावर लागून त्याला पोचा पडला. आजीने तो उचलला, पदराने पुसला. मग वाकली. मॅजिकच्या पायरीला हात लावला आणि कपाळाला लावला.

मी दार ओढलं.

परत येताना ती वळणावर दिसली. राखणदाराच्या दगडाला टेकून बसलेली. पिंगुळीच्या दिशेने चालत निघाली असणार. भाईने हॉर्न दिला.

तिने बघितलं नाही.

पुन्हा दिला...

मी उतरून खांद्याला हात लावला, तर ती तशीच कलंडली.

डबा तिच्याजवळ नव्हता. मी व्हाळापर्यंत शोधला. झाडीत शोधला. कुठेच नाही.

तिला घरी आम्हीच आणलं. मॅजिकमधून. तेव्हा मात्र गाडी अगदी मोकळी होती.

मला कोणी काही बोललं नाही. कोणी शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

तिच्या तिसऱ्यानंतर आम्ही पुन्हा पहाटे स्टॉपवर लागलो. माणसं बसली. भाईने चावी फिरवली.

गाडी चालू होईना.

पुन्हा फिरवली. नुसता टिक आवाज.

आणि मग देवळाकडून... इंजिन.

मोठं इंजिन. आख्ख्या गावाला तो आवाज ओळखू येतो. रोज पहाटे अंथरुणात ऐकलेला.

पण रस्त्यावर उजेड नव्हता. कुत्री एकदम गप्प झाली होती.

आवाज जवळ आला. डिझेलचा वास आला. आमच्या बाजूलाच ब्रेकची हवा सुटली... फुस्स.

समोर रिकामा रस्ता. पलीकडचा गडगा, दगडी कुंपण, दिसत होता.

टिंग.

एक बेल. थांबायची.

मग बराच वेळ काही नाही. इंजिन नुसतं धडधडत होतं. एसटीने गेलेल्यांना माहीत आहे, निघायची बेल डबल असते. टिंगटिंग, लागोपाठ. कंडक्टर दोरीला दोन हिसके देतो.

ही तशी नव्हती.

टिंग...

...

...टिंग.

कोणीतरी दोरीला पोचायला धडपडतंय असं.

आवाज वळणावरून पलीकडे गेला. मग मॅजिक लगेच चालू झाली. भाई म्हणाला, बॅटरी उतरली आसा. पण आरशात बघायचं त्याने टाळलं. मागे बसलेली सगळी माणसं आपापल्या पायांकडे बघत होती.



दुसऱ्या दिवशी तेच. त्याच्या दुसऱ्या दिवशीही.

सरलाला आई गेल्याचं कोणी सांगितलं नव्हतं. नवऱ्याला धीर होईना. सरलाच्या शेजारच्या विनीताकाकीने रश्मीला फोन केला, तुमच्या गावची माणसं येऊन सांगा म्हणाली. रश्मी मला म्हणाली, तू पण येतलंस. मी नको म्हटलं. तिने ऐकलं नाही.

सरला खाटेवर होती. केस विंचरलेले. तोंड पुसलेलं. आम्हाला बघून हसली.

रश्मीने तिचा हात धरला, कसंबसं सुरू केलं. सरलाताई, आजी...

“आवस?” सरला म्हणाली. “आत्ताच गेली मां. वस्तीच्या गाडयेन येता ती. तुमका वाटेत गावली नाय?”

विनीताकाकी आमच्या मागे उभी होती. हळूच म्हणाली, मी रोज भात आणते, पण ही पोट भरलंय म्हणते.

माझी नजर खिडकीत गेली.

डबा पालथा घातलेला. धुतलेला. कडेवरून पाणी ठिबकत होतं.

बुडाला पोचा होता.

तो पोचा मी पाडलेला. त्याच्याआधी तो डबा गोल होता. मी रोज बघायचो, मला माहीत आहे.

सरला आता माझ्याकडे बघत होती.

“दमता बिचारी,” ती म्हणाली. “गाडयेत कंडक्टर नाय. बेल तिकाच मारूची लागता, आणि तिचो हात पोचणा नाय.”

मी दाराकडे सरकलो.

“पण आता एक झील येतलो म्हणता बेल मारूक. तेणा होय म्हटल्यान हा.”

गाऱ्हाण्याचं मी कोणालाच सांगितलं नव्हतं. रश्मीलासुद्धा नाही.

बाहेर आल्यावर तिने विचारलं, काय होय म्हटलंस तू? मी सगळं सांगितलं. बदल्याचंसुद्धा. तेव्हापासून आमचं भांडण चालू आहे, ते काल जेवताना जे झालं तिथपर्यंत.

तिने आपल्या परीने केलं. गाडी सुरू करा म्हणून अर्ज घेऊन डेपोत गेली, मला बरोबर घेऊन. तिथले साहेब चांगले बोलले. म्हणाले, “प्रवासी दाखवा, गाडी लगेच सोडतो.”

रश्मीने माझ्याकडे बघितलं. मी खाली बघितलं.

गावात सही द्यायला कोणी तयार नाही. सगळे भाईच्या गाडीने जातात. तो अडीअडचणीला उपयोगी पडतो. त्याला कोण दुखवणार?

आणि आता दोन दिवस वेगळंच झालंय.

परवा पहाटे आवाज आला. एक बेल झाली. पुढची झालीच नाही. इंजिन धडधडत राहिलं... धडधडत राहिलं... उजाडायला लागल्यावर हळूहळू विरून गेलं.

दुपारी विनीताकाकीचा फोन. सरला दाराकडे तोंड करून पडली आहे. पाणीसुद्धा घेत नाही. आवस येवक नाय अजून, एवढंच म्हणते.

कालही तेच. एकच बेल.

रश्मीने पेज केली आणि कोणाच्या तरी स्कूटरवरून पिंगुळीला घेऊन गेली. सरलाने ओठ मिटून घेतले. ही आवशीची न्हय, म्हणाली.

काल रागारागात उठलो, पण नंतर रश्मी पडवीत आली. बाजूला बसली. म्हणाली, पहाटे आपण दोघं राखणदाराकडे जाऊ. तू उलटं गाऱ्हाणं सांग, गाडी परत दे म्हण. मागून मी होय म्हणेन. भाईला काय वाटायचं ते वाटू दे.

मी हो म्हटलं. पुन्हा तेच. पटकन हो म्हणायची मला सवयच आहे.

ती आत झोपली आहे. मी पडवीत बसून फोनवर हे टाईप करतोय. थोड्या वेळात झुंजूमुंजू होईल. नारळ शेजारी आहे.

रश्मीला मी उठवणार नाही. जो होय म्हणतो तो अडकतो, हे मला आता कळलंय. तिला नाही अडकवणार.

आत्ता कुत्री गप्प झाली...

देवळाकडून आवाज येतोय.

आमच्या घराकडे एसटी कधी येत नव्हती. पाणंद आहे ही, रिक्षासुद्धा वळत नाही. पण डिझेलचा वास अंगणात आहे. पत्रा हादरतोय.

फुस्स.

टिंग.

अंगण रिकामं आहे. मला गडगा दिसतोय, तुळस दिसतेय. बाकी काही नाही. पण पेजेचा वास येतोय. गरम आहे.

तिकडे पिंगुळीत सरला दाराकडे बघत पडली असेल.

दुसरी बेल होत नाही. गाडी उभी आहे.

मला आता जायला हवं.