शेवंती काय मोजते?

पाण्याच्या टाकीमागे ठेवलेल्या कुंडीत शेवंतीला एक कळी आली होती. ज्वारीच्या दाण्याएवढी, हिरवी, घट्ट मिटलेली. कृत्तिकाने भिंग धरलं, तेव्हा कळीच्या टोकाशी केसासारखी बारीक पिवळी रेघ दिसली.

ती उठून गच्चीच्या दुसऱ्या टोकाला गेली. तिथे कठड्यापाशी, भर उन्हात, शेवंतीच्या आणखी सहा कुंड्या होत्या. सगळ्या एकाच झाडाच्या फांद्यांपासून केलेल्या, माती तीच, खत तेच. पानं गर्द, खोडं जाड. कळी मात्र एकीलाही नव्हती.

"हे उलटंच आहे," ती म्हणाली. "जिला ऊन कमी, तिलाच कळी?"

"माझ्याही नोंदीत तसंच आहे, कृतूताई," खुरपी म्हणाली.

खुरपी म्हणजे बाग सांभाळणारा यंत्रमानव. चार चाकं, दोन लांब हात आणि मधे डबा. मिरजेतल्या पुष्कळ गच्च्यांवर आता असे यंत्रमानव होते. याचं नाव मात्र आईने ठेवलं होतं, म्हणून तो 'ती' झाला होता.

आई, म्हणजे डॉक्टर वैदेही, जूनपासून पृथ्वीभोवती फिरणाऱ्या अवकाशस्थानकावर गहू पिकवत होती. ती फेब्रुवारीत परत येणार होती. पण दिवाळीनंतर एका रविवारी तिने पडद्यावरून विचारलं, "कृतू, पहिलं पीक आलंय. त्याचंच बी पेरून इथे दुसरं पीक येतं का, ते बघायचंय. त्यासाठी आणखी सहा महिने राहावं लागेल. तू नको म्हणालीस तर मी येते. खरं खरं सांग. जानेवारीअखेरपर्यंत वेळ आहे."

"शेवंती फुलली की सांगते," कृत्तिका म्हणाली होती. शेवंतीची फांदी आईनेच लावली होती, म्हणून तेच पटकन तोंडात आलं.

आता मार्गशीर्ष निम्मा झाला होता. दर रविवारी आई काही न विचारता वाट बघायची आणि कृत्तिका शाळेतल्या गमती सांगत बसायची. कळ्या नाहीत याचं तिला वाईट वाटायचं, आणि थोडं बरंही वाटायचं. हे तिने कोणालाच सांगितलं नव्हतं.

"मी तर उपायही करतेय," खुरपी म्हणाली. "शेवंती ही लघुदिन वनस्पती आहे (दिवस लहान झाले की फुलणारी). म्हणून मी रोज दुपारी तिच्यावर काळा पडदा ओढते. दिवस लहान होतो."

जिन्याच्या दारातून हसण्याचा आवाज आला. आप्पा, आईचे वडील, गवती चहा खुडायला वर आले होते. त्यांनी आयुष्यभर पिकांच्या संशोधन केंद्रात काम केलं होतं.

"अगं खुरपे, भर दुपारी झाडाला झोपवतेस होय! तरीच ती रुसलीय."

"शब्दाचा अर्थ तोच होतो, आप्पा," खुरपी जरा ताठ आवाजात म्हणाली.

"होतो ना. तुझी चूक नाही, नावच फसवं आहे. नाव ठेवणाऱ्यांनाही आधी वाटलं, की झाड दिवस मोजतं. मग शास्त्रज्ञांनी तुझ्यासारखाच दिवसाच्या मधे थोडा वेळ अंधार करून पाहिला. काय झालं असेल?"

"काहीच नाही," कृत्तिका म्हणाली. "आपल्याकडेही काही झालं नाही."

"बरोबर. झाडं वेळेवर फुलली. मग त्यांनी उलट केलं."

कृत्तिका विचार करू लागली. दिवसाच्या मधे अंधार. त्याचं उलट म्हणजे रात्रीच्या मधे...

तिने टाकीकडे पाहिलं, मग कठड्याच्या खांबावरच्या मोठ्या दिव्याकडे. आई गेली त्या दिवसापासून तो रात्रभर जळत होता. कृत्तिकानेच हट्टाने लावून घेतला होता. आईला वरून आपलं घर दिसावं म्हणून.

"टाकीमागे दिव्याचा उजेड पोचत नाही," ती हळूच म्हणाली.

आप्पा गवती चहाचं पान बोटांत चुरडत राहिले.

"म्हणजे शेवंती दिवस मोजत नाही. रात्र मोजते?"

"सलग रात्र. पानांत फायटोक्रोम असतं (उजेड ओळखणारं रंगद्रव्य). उजेडात त्याचं रूप बदलतं आणि अंधारात ते हळूहळू पहिल्या रूपात येतं. वाळूचं घड्याळ जसं रिकामं होत जातं, तसं समज. मधेच उजेड पडला की घड्याळ पुन्हा भरतं, आणि मोजणी पहिल्यापासून सुरू. मी सोपं करून सांगतोय हं. झाडाला आतलं आणखी एक घड्याळ असतं, त्याचं कोडं अजून पूर्ण सुटलेलं नाही."

"मग गहू? आईसारखा मीही डब्यांत पेरलाय, त्यातल्या दिव्याखालच्या डब्याला तर सगळ्यांत आधी ओंब्या आल्या!"

"गव्हाच्या पुष्कळ वाणांना रात्र छोटी लागते. तुझ्या दिव्याने त्यांची चैन झाली."

"आणि गवती चहा?"

"त्याची आपण पानंच खुडतो. फुलायचंय का, हे त्याला कोणी विचारतंय!"

कृत्तिका हसली नाही. "आप्पा, तुम्हाला आधीपासून माहीत होतं?"

"होतं."

"मग सांगितलं का नाहीत?"

"दिवा तुझा होता, कृतू. मी सांगितलं असतं तर तू माझ्यावर चिडून तो बंद केला असतास." ते कठड्याला टेकले. "वैदेहीला दिसतो का गं तो?"

"नाही. सांगली-मिरज मिळून एकच ठिपका दिसतो म्हणाली." ती खुरपीकडे वळली. "खुरपी, आजपासून दिवा नको. आणि तो दुपारचा पडदाही नको."

"नोंद केली," खुरपी म्हणाली. "पडद्याची जास्त आनंदाने."

जानेवारीत सहाही कुंड्यांत कळ्या धरल्या. महिन्याच्या शेवटच्या रविवारी कृत्तिकाने टाकीमागची कुंडी उचलून गच्चीतल्या, आईशी बोलायच्या पडद्यासमोर ठेवली. तिची फुलं केव्हाच पूर्ण उमलली होती, हळदीसारखी पिवळीधमक. ती तिने इतके दिवस आईला दाखवली नव्हती.

"अगंबाई!" आई पडद्याच्या अगदी जवळ आली. "कशी फुलवलीस?"

कृत्तिकाने सगळं सांगितलं. दिव्याचं, खुरपीच्या पडद्याचं, टाकीमागच्या कळीचं.

"आई, तुमच्याकडे दिवसातून सोळा वेळा सूर्य उगवतो ना? मग तिथल्या झाडांना रात्र कळणार कशी?"

"इथे रात्र आम्हालाच करावी लागते. कपाट बंद करायचं, दिवे घालवायचे. गव्हाला छोटी रात्र."

"मग शेवंतीला मोठी करता येईल. पुढच्या यानातून एक फांदी पाठवू का?"

"पाठव की," आई म्हणाली. फेब्रुवारीच्या यानातून ती स्वतः परत येणार की नाही, हे अजून ठरायचं होतं.

कृत्तिकाने आप्पांकडे पाहिलं. ते मुद्दामच गवती चहाकडे वळले होते. तिने कुंडी जरा बाजूला सरकवली, म्हणजे मधे फुलं येणार नाहीत.

"आई," ती म्हणाली, "तू राहा. दुसरं पीक घेऊनच ये."