खिळ्यावरचं टोकन

बसा, चहा घ्या. पण खिळ्यावरच्या त्या लोखंडी कड्याला हात लावू नका. त्याच्याबद्दल येणारा प्रत्येक जण विचारतो. सांगते, फक्त चार वाजायच्या आत सांगून होऊ द्या.

आमचे हे भूगोलाचे शिक्षक, आणि डोंगरातल्या छोट्या रेल्वेगाड्यांचे वेडे. निवृत्त झाल्यापासून दर उन्हाळ्यात आम्ही कुठल्या ना कुठल्या पहाडात. आणि दर वेळी सुरुवात काय, तर एस.टी.त बसा, राजूर घाट उतरा, मोताळा मागे टाका आणि मलकापूरला जाऊन गाडी गाठा! कारण बुलढाण्याला रेल्वे नाही. जिल्ह्याचं ठिकाण, कचेऱ्या, कोर्ट, कॉलेजं, सगळं आहे. रूळ तेवढे नाहीत. यांनी तरुणपणापासून रेल्वेच्या मागणीसाठी गावोगाव सह्या गोळा केल्या. मोताळ्याच्या झुंबरबाईने सगळ्यांत आधी अंगठा दिला होता. ती जाऊन बारा वर्षं झाली. परतीला घाट चढताना हे खिडकीशी बसून रागाने गप्प असायचे, आणि मलाही त्यांचा राग पटायचा.

मागच्या एप्रिलमध्ये हिमाचलात बारा दिवस फिरलो. दोन-तीन डब्यांच्या लोकल गाड्या, बोगद्यामागून बोगदे, गवताचे भारे घेऊन चढणाऱ्या बायका. एका दुपारी गाडी एका पडक्या स्टेशनात थांबली. छत उडालेलं, बाकांवर शेवाळ, धुकं डब्याच्या पायरीपर्यंत आलेलं. हे पाय मोकळे करायला उतरले आणि शालीखाली असंच एक कडं लपवून परत आले.

"हे काय उचलून आणलं तुम्ही?"

"टोकन. एकेरी रुळावर दोन गाड्या समोरासमोर येऊ नाई म्हून ड्रायव्हरले देतात. पुढच्या स्टेशनात जुनं टाकायचं, नवं उचलायचं. टोकन नसलं तर गाडी जागची हलत नाई."

"मंग ठेवा ना परत!"

"बंद स्टेशन आहे ते, सुलभा. कोणाले लागते आता?"

कड्याला चामड्याची पिशवी होती, पिशवीत पितळी गोळा, आणि गोळ्यावर कुठल्या तरी दोन स्टेशनांची नावं कोरलेली. आमची गाडी सुटली तशी मी मागे पाहिलं. फलाटावर काळ्या कोटातला एक म्हातारा उभा होता. मला वाटलं, निरोप देतोय. पण हात हलत नव्हता. कोपरात वाकवून त्याने तो आमच्या दिशेने धरून ठेवला होता.

घरी आलो, कडं दिवाणखान्यात लागलं. तिसऱ्या दिवशी दुपारी चारला घाटाकडून शिट्टी ऐकू आली. लांबलचक, दमलेली. पाठोपाठ धुराचा वास. शेजारच्या विमलबाई कुंपणावरून ओरडल्या, "कोयसा कोन पेटवून राह्यलं वं, सुलभाताई? माह्ये कपडे कायेकुट्ट झाले ना!"

दुसऱ्या दिवशी फाटकाशी एक बाई. लोकरीची शाल, खांद्यावर झोपलेलं मूल. बाहेर ऊन रणरणत होतं आणि तिच्या केसांवर दव होतं.

"बहनजी, गाडी कब छूटेगी?" तिने हळूच विचारलं.

माझा पाराच चढला. "अहो, इथे रेल्वेच नाही! आमचा जन्म गेला तिची वाट बघण्यात, आणि तुम्ही मला विचारता?"

"बच्चे को बुखार है..." ती म्हणाली. एवढंच. आणि उभीच राहिली.

मी आत आले. हे खुर्चीत बसून कड्याकडे बघत होते. चेहऱ्यावर कधी पाहिला नव्हता असा आनंद.

"ऐकलं ना तू? बुलढाण्याले गाडी आली, सुलभा. आता मी तिले जाऊ देईन?"

"काऊन नाई? लेकराले ताप आहे तिच्या!"

"आपण नाई थांबलो? आपल्यासाठी कोणाले घाई झाली होती?"

मला इतका संताप आला की हातातलं भांडं मी आपटलं. "ज्यायनं आपल्याले ताटकळत ठेवलं त्यायच्यावर जन्मभर चिडले तुम्ही. आज तेच करून राह्यले! फरक काय मग?"

ते उठले, खिळ्यावरून कडं काढलं आणि चपला घालून निघाले. मी मागोमाग गेले. घाटाच्या पहिल्या वळणावर धुकं होतं. एप्रिलमध्ये, भर दुपारी! हे रस्त्याच्या कडेला उभे राहिले आणि हात कोपरात वाकवून कडं पुढे धरलं... त्या म्हाताऱ्यासारखं. शिट्टी झाली. तापलेल्या लोखंडाचा वास अंगावरून गेला. मी त्यांना हाक मारली.

धुकं ओसरलं तेव्हा रस्त्यावर फक्त कडं पडलेलं होतं.

पोलिसांनी सगळा घाट धुंडाळला. हवालदार मला समजावत म्हणाला, "काकू, बुलढाण्यात रेल्वे कुठी आहे?" मी म्हटलं, "तेच तर मी जन्मभर विचारून राह्यली!"

हे खिळ्यावरचं कडं पहिलं नव्हे. जुनं गेलं, हे त्याच्या बदल्यात आलं. त्याच्या गोळ्यावर नवी कोरीव अक्षरं आहेत. मोताळा. बुलढाणा.

आता शिट्टी घाटाखालून येते. वाजू दे! काल फाटकाशी झुंबरबाई होती.

"सर गाडीतच बसले आहेत, पोरी," ती म्हणाली. "कवा सुटन वं गाडी? लय जन खोळंबले..."

"आधी त्यायले उतरवा," मी म्हटलं. "मंग टोकन देईन."

ती फाटकावर हात टेकून उभी राहिली, अंधार पडेपर्यंत. हो, मी तिला ताटकळत ठेवली. मला नका शिकवू. माझा माणूस द्या आधी.

जाताना फाटक जपून उघडा. त्यावर निळ्या शाईचा अंगठा आहे. सकाळी मी तो घासून पुसला होता. मघाशी तुम्हाला आत घेताना पाहिला, तर ओला होता.