कसरीचा वाटा

भिंगाखालची सूक्ष्मगांधील जिवंत होती. डॉ. मंजिरी देवस्थळींनी भिंग पुसले, दिवा जवळ ओढला आणि पुन्हा पाहिले. मोहरीच्या दाण्याच्या चौथाईएवढा तो जीव काचपट्टीवर निवांत मिशा हलवत होता.

"मेली असेल तर सांगा," ठेवघराचे रक्षक दत्ताराम खवणेकर मागून म्हणाले, "सुतक पाळू."

"मेली असती तर बरे झाले असते, काका. ती जिवंत आहे, हीच पंचाईत आहे."

खवणेकरांनी गळ्यातला मरून रंगाचा मफलर सारखा केला आणि ते स्टुलावर बसले.

समुद्राने खाजणवाडी गिळली त्याला नऊ वर्षे झाली होती. वाडीतल्या एकशे चाळीस कुटुंबांची सरकारी छावणीत सोय झाली, पण त्यांच्या चीजवस्तूंना तिथे जागा नव्हती. म्हणून सह्याद्रीतल्या एका जुन्या बोगद्यात हे ठेवघर उभे राहिले. लग्नातले शालू, गाद्या, घोंगड्या, तसबिरी, भजनी मंडळाचे पखवाज, दशावतारी मंडळाचे लाखेने मढवलेले मुकुट असे सगळे इथे अठरा अंश तापमानात, जाळीदार खणांमध्ये ठेवलेले होते. पठारावरची नवी वसाहत आता तयार झाली होती आणि उद्या सकाळी ट्रक येणार होते. मात्र वसाहतीत शिरण्याआधी 'निष्कीट' दाखला हवा, आणि तो देण्याचा अधिकार एकट्या देवस्थळींना होता. एकही जिवंत कीड आढळली, तर सगळ्या ठेवींना साठ अंशांचा उष्णोपचार सहा तास द्यावा लागणार. त्यात किडी मरतात, हे खरे. पण पखवाजाची पुडीही तडकते, लाख ओघळते आणि तसबिरी काचेला चिकटतात.

"तुम्ही ही गांधील मारून टाका आणि सही करा," खवणेकर म्हणाले. "ती बिचारी कपडे थोडीच खाते?"

"ती कपडे खात नाही. ती काय खाते, ते तुम्हांला ठाऊक आहे ना?"

"मी तंत्रनिकेतनातला माणूस. पंप, पंखे, झडपा यांपलीकडचे विचारू नका."

देवस्थळी हसल्या. "मग ऐका. कसरीचा पतंग लोकरीवर अंडी घालतो. ही गांधील त्या अंड्यातच आपले अंडे ठेवते. त्यामुळे आतून अळी निघतच नाही, नवी गांधील निघते. औषध नको, धूर नको. पण ती फार तर आठवडाभर जगते आणि तिची पिल्ले कसरीच्या अंड्याखेरीज कुठेच वाढत नाहीत. म्हणजे जिवंत गांधील दिसली, तर महिनाभराच्या आत जवळपास कसरीची अंडी होती, असाच अर्थ होतो."

"प्रयोगशाळेतून आली असेल."

"प्रयोगशाळेतून होणारा गांधिलींचा पुरवठा सहा वर्षांपूर्वी बंद झाला. मीच अहवाल लिहिला होता. तुमच्या नोंदीत सलग तीन वर्षे कीड शून्य होती. चोरच नाहीत, तर पहारा कशाला, असे माझे म्हणणे होते."

"वाचलाय मी तो अहवाल," खवणेकर म्हणाले. "भाषा फार सुबक होती."

टोमणा देवस्थळींना कळला, पण त्यांनी तो बाजूला ठेवला. दुपारपर्यंत त्यांनी एकशे चाळीसही खण तपासले. प्रत्येक खणात एक श्रवणकळ बसवलेली होती. अळीने धागा कुरतडला तरी तिच्यात टिकटिक उमटते. एकाही खणात टिकटिक नव्हती, लोकरीवर विष्ठेचा कण नव्हता, शालूंना एक भोक नव्हते. सूक्ष्मगांधिली मात्र सत्तावीस खणांत सापडल्या, आणि हवेच्या मुख्य नळाकडे जावे तशी त्यांची संख्या वाढत गेली. नळाच्या कडेने देवस्थळी चालत राहिल्या. नळ भिंतीतून आरपार जाऊन रक्षकाच्या खोलीत निघत होता.

खवणेकर दारात उभे होते. "चहा टाकू का?" त्यांनी विचारले.

"आधी ते फडके काढा."

टेबलाखालच्या काचपेटीवरचे फडके निघाले. आत मरून रंगाच्या लोकरीचा एक विणलेला तुकडा होता. त्यावर फिकट पतंग बसले होते आणि विणीतून अळ्या वळवळत होत्या. पेटीतून काचेची तेल माखलेली नळी नळाकडे गेली होती, आणि तिच्या दोन्ही टोकांना बारीक जाळ्या होत्या. देवस्थळींनी जाळीचे छिद्र मोजले. पतंग त्यातून जाऊ शकत नव्हता. अळी समजा शिरली, तरी तेलावरून तिला सरकता येत नव्हते. गांधील तेवढी उडून पार होत होती.

"सहा वर्षे?" त्यांनी विचारले.

"सहा. पुरवठा थांबल्यावर महिन्याभरात इथल्या गांधिली संपल्या. मग एके दिवशी डोंगरावरच्या मेंढपाळाची घोंगडी दाराशी आली, तिच्यात पतंग होते. ती मी परत पाठवली. पण बाई, दुसरी कधी येईल हे कोण सांगणार? म्हणून तिच्यातले दोन पतंग ठेवून घेतले आणि प्रयोगशाळेत उरलेल्या शेवटच्या चार गांधिली मागवून घेतल्या."

"आणि ही लोकर?"

"बोगद्याच्या कामावर हिमालयात होतो, तेव्हा आमच्या मंडळींनी स्वेटर विणून पाठवला होता. कोकणात स्वेटर! सगळी वाडी हसली तिला." खवणेकरांनी मफलरवरून हात फिरवला. "ही त्याची शेवटची बाही. धुतलेली लोकर कसर नीट खात नाही, तिला माणसाचा घाम लागतो. म्हणून रोज अंगावर वागवतो आणि मग बोटभर कापून घालतो."

"दुसऱ्या कुणाची घोंगडी घ्यायची होती."

"लोकांनी ठेव म्हणून दिलेली? ती कशी घेणार?"

देवस्थळी खुर्चीत बसल्या. ठेवघरात कीड आणणे हा बडतर्फीचा गुन्हा होता आणि पेटी जाळणे हा नियम. पेटी जाळली, तर आठवड्याभरात शेवटची गांधील मरेल. मग एकशे चाळीस घरे, नऊ वर्षे राखलेली लोकर आणि रेशीम, आणि पठारावर चरणारी मेंढरे. पहिला पतंग कुठून येईल एवढाच प्रश्न राहील. सहा वर्षांपूर्वीचे शून्य त्यांना आठवले. ते शून्य कशावर उभे होते, हे त्यांनी तेव्हा विचारलेच नव्हते.

त्यांनी दाखला पुढे ओढला आणि सावकाश लिहिले: "ठेवींत जिवंत कीड नाही. रक्षकाच्या खोलीत जी बंदिस्त पेटी आहे, तिच्यामुळेच ती नाही. माझा सहा वर्षांपूर्वीचा अहवाल चुकीचा होता, तो मी मागे घेते. ही पेटी वसाहतीत सर्वांत आधी न्यावी. प्रत्येक घराने वर्षाकाठी मूठभर वापरलेली लोकर तिच्यासाठी द्यावी."

"लोक कुरकुर करतील का हो?" त्यांनी विचारले.

"कसली कुरकुर? खळ्यावर पाखरांची मूठ काढल्याशिवाय आमच्याकडे कुणी पोते शिवत नाही." खवणेकरांनी पेटीवर फडके पुन्हा पसरले. "पण माझ्या बडतर्फीचे?"

"ते वरचे ठरवतील. हा कागद तुमच्या बाजूने बोलेल, आणि मीही बोलेन."

मग त्यांनी ठेवींची यादी उघडली. एकशे चाळीस नावांपुढे 'सुस्थितीत' असा शेरा होता. खवणेकरही वाडीचेच, पण त्यांचे नाव यादीत कुठेच नव्हते. देवस्थळींनी खाली एक ओळ आखली, एकशे एक्केचाळिसावी, आणि तिच्यात भरले:

'दत्ताराम खवणेकर. लोकरी स्वेटर, नग एक. स्थिती: वापरात.'